सेप्टिक शॉकमधील ताप बाहेरून थंडावा देऊन उतरवावा का?

प्रश्न (नर्सिंगची विद्यार्थिनी):
नमस्कार. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे संशोधन लेखांवरील चर्चेच्या बैठकीत, मला फ्रान्समधील २०१२ सालचा ‘सेप्सिसकूल’ हा अभ्यास मांडायचा आहे. त्यात सात अतिदक्षता विभागांतील सेप्टिक शॉकच्या (संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळलेल्या) २०० रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचे तापमान बाहेरून थंडावा देऊन ४८ तास ३६.५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखले होते. चौदाव्या दिवसापर्यंत या गटातील १९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३४ टक्के रुग्ण दगावले. ना सुई, ना महागडे औषध, आणि तरीही एवढा फरक पडत असेल, तर हा उपाय सर्रास का केला जात नाही?

उत्तर १ (अतिदक्षता तज्ज्ञ):
आकडे बरोबर आहेत, परंतु अभ्यास नेमके काय तपासण्यासाठी आखला होता, ते आधी पाहावे. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा डोस ४८ तासांत निम्म्यावर येतो का, हा त्याचा मुख्य प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले: थंडावा दिलेल्या गटात ७२ टक्के विरुद्ध दुसऱ्या गटात ६१ टक्के, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढाच फरक. बाराव्या तासाला मात्र ५४ विरुद्ध २० टक्के अशी ठळक तफावत होती आणि ती मला पटते, कारण ताप उतरला की शरीराची ऑक्सिजनची गरज घटते व सैलावलेल्या रक्तवाहिन्या थोड्या आवळतात. चौदाव्या दिवसाचे मृत्यू हा दुय्यम निष्कर्ष होता. रुग्णालयातून सुटी मिळेपर्यंत तो लाभ ठामपणे टिकलेला दिसत नाही. एवढ्या लहान अभ्यासातल्या दुय्यम निष्कर्षावर मी तरी उपचार बदलणार नाही.

उत्तर २ (आयसीयू स्टाफ नर्स):
‘ना सुई’ हे अर्धेच खरे आहे, ताई. त्या अभ्यासातील सगळे रुग्ण व्हेंटिलेटरवर आणि गुंगीच्या औषधाखाली होते, त्यामुळे त्यांची हुडहुडी आटोक्यात राहू शकली. वॉर्डातल्या जाग्या रुग्णाला ओल्या चादरीत गुंडाळले तर तो कुडकुडू लागतो, आणि कुडकुडण्याने ऑक्सिजनची गरज उलट वाढते. गुंगीतल्या रुग्णावरही लक्ष ठेवावे लागते: जबड्यावर व मानेवर हात ठेवला की बारीक थरथर कळते, आणि मॉनिटरवरील ईसीजीची रेघही खरखरीत दिसू लागते.

उत्तर ३ (संशोधन पद्धतीचे अध्यापक):
याच्या जोडीला आणखी दोन अभ्यास मांडावेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०१५ सालच्या ‘हीट’ अभ्यासात, संसर्गाची शक्यता असलेल्या ७०० तापकरी रुग्णांमध्ये पॅरासिटामॉलने ९० दिवसांच्या मृत्युदरात फरक पडला नाही. दुसरा ‘कास’: सेप्टिक शॉकमध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांचे तापमान ३२ ते ३४ अंशांपर्यंत खाली नेल्यावर ३० दिवसांतील मृत्यू ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचारात ३५.८ टक्के, लाभाची आशा न उरल्याने तो अभ्यास मधेच थांबवला गेला. ताप सामान्यावर आणणे आणि शरीर मुद्दाम थंडगार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ‘कास’मुळे ‘सेप्सिसकूल’ खोटा ठरत नाही.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. मांडणीची सुरुवात आता मृत्युदराऐवजी ४८ तासांच्या मुख्य निष्कर्षापासून करीन.