फेडरल कोर्टात ज्युरी निवडायला २० मिनिटं: प्रश्न कसे विचारायचे?

कलमबहाद्दर

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेच्या भरपाईचा, दिवाणी दावा आहे. प्रेस मशीनमध्ये कामगाराची बोटं गेली. आम्ही वादीकडून, समोर मशीन बनवणारी कंपनी. ज्युरी ८ जणांची. व्हॉर डायरचे, म्हणजे ज्युरी ठरवण्याआधी संभाव्य ज्युररना विचारायचे, बहुतेक प्रश्न जज स्वतः विचारणार, वकिलांना प्रत्येकी २० मिनिटं. ज्युरी कन्सल्टंटसाठी बजेट बेताचंच आहे. एवढ्या वेळात काय विचारावं? मॉक ट्रायल, म्हणजे भाड्यानं आणलेल्या लोकांपुढे खटल्याची रंगीत तालीम, करण्यात अर्थ आहे का? आणि पॅनेलवरच्या लोकांचं सोशल मीडिया कितपत पाहता येतं?

हरकत_मंजूर

आधी 'निवडणं' हा शब्द डोक्यातून काढा. आपल्या हातात फक्त गाळणं असतं. फेडरल दिवाणी दाव्यात कारण न देता वगळण्याचे, म्हणजे पेरेम्प्टरी स्ट्राइक, प्रत्येक बाजूला ३. 'फॉर कॉज', म्हणजे पूर्वग्रहासारखं ठोस कारण दाखवून, वगळण्याला मात्र संख्येची मर्यादा नाही. म्हणून २० मिनिटांचं उद्दिष्ट एकच: जे लोक मुळातच तुमच्या विरोधात आहेत त्यांना बोलतं करून कॉजवर बाहेर काढणं, म्हणजे ते ३ स्ट्राइक शिल्लक राहतात.

क्लार्ककडून पद्धत आधीच विचारून घ्या. स्ट्रक मेथड, म्हणजे आधी सगळ्यांना प्रश्न विचारून शेवटी यादीतून नावं खोडण्याची पद्धत, असेल तर कॉजची छाननी झाल्यावर ८ + ३ + ३, म्हणजे पहिले १४ जणच कामाचे. पंचविसाव्या नंबरच्या बाईंशी गप्पा मारण्यात वेळ घालवू नका. एकेक खुर्ची रिकामी करून पुढचा माणूस बसवत असतील तर हिशोब बदलतो. स्ट्राइक वापरण्याआधी त्या जागी कोण येणार ते पाहावं लागतं.

'तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल ना?' हा प्रश्न फुकट जातो. भर कोर्टात 'नाही' कोण म्हणणार? दोन्ही उत्तरं सारखीच सभ्य वाटतील असा प्रश्न हवा: 'काहींना वाटतं, मशीनवर काम करणाऱ्यानं स्वतःच जपायला हवं, कंपनीला कोर्टात खेचणं बरं नाही. काहींना वाटतं, सुरक्षित मशीन बनवणं ही कंपनीचीच जबाबदारी. तुमचा कल थोडा तरी कुठे?' हात वर झाला की आधी 'अजून सांगा.' मग 'हे मत बऱ्याच वर्षांपासूनचं आहे का?' मग 'म्हणजे सुरुवातीलाच आम्ही थोडे मागे आहोत, बरोबर?' आणि शेवटी 'जजनी सूचना दिल्या तरी हे मत पूर्ण बाजूला ठेवणं जड जाईल?' याला 'हो' आलं की तिथेच थांबा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे त्या माणसाशी वाद घालणं. तो लगेच मवाळ होतो, जज विचारतात 'माझ्या सूचना पाळाल ना?', तो 'हो' म्हणतो आणि कॉज हातचा जातो. त्याचेच शब्द त्याला परत ऐकवा, आपले घुसडू नका. आणि जो तुमच्या बाजूनं बोलतोय त्याला खोलात विचारू नका. समोरच्या वकिलाला स्ट्राइक कुठे वापरायचा ते तुम्हीच दाखवून दिल्यासारखं होईल.

बोलणाऱ्या वकिलानं लिहू नये. खुर्च्यांचा नकाशा घेऊन दुसरं कोणीतरी बसलेलं हवं, उत्तरं शब्दशः टिपायला.

टाचण

मॉक ट्रायलबद्दल. निकालाचा किंवा भरपाईच्या आकड्याचा अंदाज बांधायला करत असाल तर पैसे वाया. तीन गट म्हणजे फक्त तीन निकाल, त्यातून संख्याशास्त्र निघत नाही. लोक कुठे अडतात ते शोधायला मात्र ती उत्तम.

बेताच्या बजेटमध्ये एक दिवस, ८-८ जणांचे तीन गट. माणसं त्याच भागाशी मिळत्याजुळत्या लोकवस्तीतली घ्या. वकील, विमा कंपन्यांतले लोक आणि दोन्ही पक्षकारांशी संबंध असलेले आधीच वगळा. गोपनीयतेच्या करारावर सही घेतल्याशिवाय कोणाला आत सोडू नका. दोन्ही बाजू तासाभराच्या आत मांडा, आणि ऑफिसमधल्या सगळ्यात तयारीच्या वकिलाला कंपनीची बाजू द्या. इथेच सगळे गडबडतात: आपली बाजू सिनियर मांडतो, समोरची ज्युनियर, आणि निकाल अर्थातच गोड येतो. प्रत्येक टप्प्यानंतर, चर्चेला बसण्याआधी, प्रत्येकाकडून स्वतंत्र लेखी प्रश्नावली भरून घ्या. नंतर घेतलीत तर जो मोठ्यानं बोलला त्याचंच मत आठ वेळा लिहून येतं.

चर्चा ऐकताना लक्ष ठेवायचं ते लोक काय रचतात यावर. पेनिंग्टन आणि हेस्टी यांच्या संशोधनातला मुद्दा हाच की ज्युरर पुराव्याची बेरीज करत नाहीत, पुराव्यातून गोष्ट बनवतात आणि भोकं स्वतः बुजवतात. 'त्यानंच गार्ड (मशीनवरचं संरक्षक झाकण) काढून ठेवला असेल' असं गटामागून गट म्हणत असेल, तर त्याचं उत्तर ओपनिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या निवेदनाच्या, पहिल्या काही मिनिटांत यायला हवं.

ओपनिंगची सुरुवात अपघाताच्या सकाळपासून करू नका. गोष्ट ज्याच्यापासून सुरू होते त्याच्याच वागण्यात ज्युरी 'हे टाळता आलं असतं' शोधते. म्हणून सुरुवात कंपनीच्या ड्रॉइंग टेबलापासून: इंटरलॉकचा (गार्ड उघडा असताना मशीन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय कधी समोर आला, कोणी नाकारला, का. पण ओपनिंगमध्ये युक्तिवाद नको. आणि 'स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा' हे ओपनिंगलाही नको, क्लोजिंगलाही नको. त्या गोल्डन रूल युक्तिवादावर हरकत ठरलेली.

पडताळा

वर कोणी प्रोफाइलचा विषय काढला नाही ते बरंच. 'अमुक वयाचे, अमुक शिक्षणाचे लोक वादीला अनुकूल' अशा तक्त्यांवर विसंबू नका. ज्युरी सल्ल्याच्या व्यवसायाची सुरुवात मानली जाते त्या १९७२च्या, युद्धविरोधी कार्यकर्त्यांवरच्या हॅरिसबर्ग सेव्हन खटल्यातच समाजशास्त्रज्ञ जे शुलमन (Jay Schulman) आणि सहकाऱ्यांना स्थानिक सर्वेक्षणात अपेक्षेच्या उलटं चित्र दिसलं होतं: जास्त शिकलेले लोक त्या भागात बचाव पक्षाला कमी अनुकूल होते. वय-शिक्षणापेक्षा अनुभव आणि मतं जास्त सांगून जातात. कारखान्यात सुपरवायझर होता का, सुरक्षेचे नियम स्वतः राबवलेत का, हे विचारा.

कायद्याची बाजूही आहे. सुप्रीम कोर्टाच्या निकालांनुसार वंशावरून स्ट्राइक चालत नाही (बॅटसन, १९८६), दिवाणी दाव्यातही नाही (एडमन्सन, १९९१), लिंगावरूनही नाही (जे.ई.बी., १९९४). प्रत्येक स्ट्राइकपुढे त्या माणसाचं स्वतःचं उत्तर लिहिलेलं ठेवा. कारण विचारलं तर तेच वाचायचं.

सोशल मीडिया: अमेरिकन बार असोसिएशनच्या २०१४च्या ४६६ क्रमांकाच्या मतानुसार, जे सगळ्यांना उघड दिसतं ते पाहायला हरकत नाही. फ्रेंड रिक्वेस्ट, फॉलोची विनंती, दुसऱ्या कोणाकरवी डोकावणं, हे सगळं संपर्कात मोडतं. लिंक्डइन लॉगआउट करूनच पाहा, नाहीतर समोरच्याला सूचना जाऊ शकते. जजची स्टँडिंग ऑर्डर (त्यांच्या कोर्टापुरते कायमचे नियम) आधी वाचा, ती याहून कडक असू शकते.

कलमबहाद्दर

खूप आभार. एकमताच्या नियमाचा निवडीवर काय परिणाम होतो? आणि अ‍ॅनिमेशन बनवून घ्यावं का?

हरकत_मंजूर

फेडरल दिवाणी कार्यपद्धतीच्या रूल ४८ प्रमाणे, पक्षकारांनी वेगळं ठरवलं नसेल तर एकमत लागतं. भार पुराव्याचा तुमच्यावर, त्यामुळे अडून बसणारा एकटा माणूस कंपनीपेक्षा तुम्हाला महाग पडतो. तिसरा स्ट्राइक कोणावर वापरायचा असा पेच पडला, तर शांत विरोधकापेक्षा चारचौघांत पुढाकार घेणारा विरोधक आधी काढा. तो फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, होण्याची शक्यता जास्त.

टाचण

अ‍ॅनिमेशन शेवटी. आधी व्हर्डिक्ट फॉर्मचा (ज्युरीनं निकाल देताना भरायच्या प्रश्नांच्या कागदाचा) मसुदा घ्या आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाला एकेक चित्र किंवा कागद लावा. ज्याला प्रश्नच सापडत नाही ते चित्र काढून टाका. दुसरं, १ डिसेंबर २०२४ पासून फेडरल रूल्स ऑफ एव्हिडन्समध्ये रूल १०७ आला आहे. केवळ समजावून देण्यासाठी वापरलेलं साधन पुरावा धरलं जात नाही, आणि सगळ्यांची संमती किंवा योग्य कारणासाठी कोर्टाचा आदेश असल्याशिवाय ज्युरी रूममध्ये जात नाही. इंटरलॉकचं मूळ ड्रॉइंग मात्र रीतसर एक्झिबिट म्हणून दाखल करून घ्या, म्हणजे चर्चेच्या वेळी ते टेबलावर असेल.