पहिलं महायुद्ध: गोळी साराजेव्होत, मग बेल्जियमवर हल्ला का?

घाटावरची:
नमस्कार मंडळी, लेकीची इतिहासाची उजळणी घेत होते तर ती म्हणाली, आई, ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला साराजेव्होत मारलं तर जर्मनी बेल्जियममध्ये कशाला घुसली? मी गप्प. पुस्तकात 'तात्कालिक कारण' म्हणून दोन ओळी आणि पुढे थेट युद्धच. कुणी नीट सांगाल का?

रूळबदल:
लेकीला शाबासकी द्या आधी. गोळी झाडली २८ जून १९१४ ला आणि ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला, मधे अख्खा महिना होता. ऑस्ट्रियाचा दोस्त जर्मनी, सर्बियाच्या मागे रशिया, रशियाचा दोस्त फ्रान्स, म्हणजे जर्मनीला दोन्हीकडून मार. त्यांचा प्लॅन आधीपासून तयार होता, रशियाला सैन्य जमवायला वेळ लागेल तोवर फ्रान्सचा निकाल लावायचा, आणि फ्रान्सच्या हद्दीवर किल्ले म्हणून बेल्जियममधून वळसा. भांडण रशियाशी आणि गाड्या सुटल्या पश्चिमेला! १ ऑगस्टला कैसर, म्हणजे जर्मनीचा सम्राट, म्हणाला फ्रान्स राहू दे, सगळं सैन्य पूर्वेला न्या, तर सेनापती मोल्टके म्हणाला जमणार नाही, सगळं वेळापत्रक बसवून झालंय. ऐन गर्दीत दादरला फास्ट गाडी स्लोवर टाकली की काय होतं ते आठवा, तसंच. बेल्जियमच्या तटस्थतेला ब्रिटनची १८३९ पासून हमी, म्हणून ४ ऑगस्टला तेही उतरले.

तिरकस:
रेल्वेवर ढकलू नका राव, वेळापत्रक काय आपोआप चालू होतं का? ५ जुलैला कैसरनंच ऑस्ट्रियाला सांगितलं होतं की व्हा पुढं, आम्ही आहोत. त्या जोरावर त्यांनी सर्बियाला ४८ तासांची मुदत दिली, सर्बियानं बरंचसं मान्य केलं तरी यांना लढायचंच होतं. आणि लेकीला हेही सांगा, गोळी झाडली त्या दिवशी सकाळी राजपुत्रावर टाकलेला बॉम्ब हुकला होता, नंतर ड्रायव्हर चुकीच्या वळणावर वळला आणि गाडी थांबली ती नेमकी गोळी झाडणाऱ्या प्रिन्सिपच्या समोर. पोरगं १९ वर्षांचं. वीस पूर्ण नव्हती म्हणून फाशी टळली, १९१८ ला कैदेतच क्षयानं गेलं.

बांधावरून:
युरोपचं झालं, आता आपल्याकडचं. साताऱ्याकडे काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत, गावातून किती माणसं महायुद्धाला गेली आणि त्यातली किती परत आलीच नाहीत, फक्त आकडे, नावं नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. तिथल्या कूट गावात आपली फौज अडकली, तिला तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढा घातला, धान्य संपलं, घोडे कापायची पाळी आली आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शरण आल्यावर त्यांचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडला इस्तंबूलजवळ बेटावर बंगला आणि शिपाई वाळवंटात पायी! पुढे तुर्कांचं ऑटोमन साम्राज्यच संपलं आणि त्याच मुलखाचा इराक झाला. १९१८ ला मुंबई बंदरातून फ्लू आला, आजी त्याला मानमोडी म्हणायची. तिच्या तोंडी महायुद्ध हा शब्द कधी ऐकला नाही, मानमोडी मात्र कायम.

घाटावरची:
आभार सगळ्यांचे. सगळं वाचून दाखवलं. बेल्जियम कळलं म्हणते, आता विचारतेय पाटीवर नावं का नाही लिहिली.