सिलिकॉनचा कान: मागे चिकट राहतो, पुढची कड उठते

मेणकाम:
डावा कान गमावलेल्या रुग्णासाठी सिलिकॉनचा कान करतो आहे. उजव्या कानाची आरसाप्रतिमा धरून मेणात कान कोरला, डेंटल स्टोनचा (दातांच्या साच्यांसाठीचं कडक प्लास्टर) तीन भागांचा साचा केला. पण प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनममुळे घट्ट होणारं, दोन भाग मिसळून ओतायचं) सिलिकॉन पाळीमागे चिकटच राहतं, बाकी कान नीट वाळतो. शिवाय बोलताना गालाकडची कड उठते. काय तपासू?

साचेकर:
सगळा कान चिकट असता तर दोन भागांचं प्रमाण चुकलं म्हटलं असतं. एकाच जागी चिकट म्हणजे एकतर तिथे ढवळणं कमी पडलं, नाहीतर तिथलं प्लॅटिनम निकामी झालं. आधी हातमोजे बघा. लॅटेक्समधलं गंधक प्लॅटिनमला निकामी करतं, आणि नुसत्या मोज्याने साचा पुसला तरी पुरतं. नायट्राइलचे घाला. गंधकवाली मॉडेलिंग क्ले आणि कथिलावर वाळणारं सिलिकॉनही साच्यापासून लांब ठेवा. मेण उकळत्या पाण्याने काढल्यावर साबणाच्या पाण्याने धुवा आणि साचा पूर्ण सुकू द्या. पाळीमागच्या खाचेत मेण हमखास उरतं. पुढच्या वेळी वजन करून मिसळा, व्हॅक्यूममध्ये हवा काढा. आधी साच्याच्याच स्टोनवर थेंबभर वाळवून बघा. चिकट राहिलेला कान पुन्हा तापवून सुधारत नाही, नवीनच ओता.

कडा_बारीक:
कड उठते ती जबड्यामुळे. तोंड उघडलं की जबड्याचं कानाजवळच्या सांध्यातलं टोक पुढे सरकतं आणि कानापुढची त्वचा हलते. रुग्णाला सरळ बसवून माप (त्या जागेचा ठसा) घ्या. आडवं झोपवलं की मऊ भाग मागे ओघळतो. तोंड मिटून एक आणि उघडून एक, अशी दोन मापं घेऊन फरक बघा. कानापुढचा छोटा उंचवटा (ट्रॅगस) शाबूत असेल तर कड त्याच्या मागे लपवा, तिथे हालचाल कमी दिसते. कड कागदासारखी पातळ हवी, पण नुसती पातळ कड गोंद काढताना फाटते. आतून नायलॉनची बारीक जाळी घाला.

मेणकाम:
पाळीमागे मेणाचा थर सापडला. ट्रॅगस शाबूत आहे, कड मागे घेतो. रंगाचं काय करू?

रंगछटा:
मूळ रंग त्वचेपेक्षा किंचित फिका ठेवा, वरून गडद करता येतं, फिकं करता येत नाही. वरची कड आणि पाळी लालसर, आतली खोलगट जागा गडद. लाल-निळे बारीक तंतू सिलिकॉनमध्येच मिसळा, मग कान मातीचा वाटत नाही. रंग ट्यूबलाइटखाली जुळला तरी उन्हात वेगळा दिसू शकतो, म्हणून जुळवणी खिडकीजवळ, रुग्णाच्या दुसऱ्या कानाशेजारी धरूनच करा.