ब्रिजपोर्टच्या पानावर १९१९ लिहायचं की नाही?

रेवाकाठ

शिकागोत नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी आम्ही काही जण वस्त्यांची एक छोटी पुस्तिका करतोय. प्रत्येक वस्तीला एक पान. माझ्या वाट्याला ब्रिजपोर्ट आलं आणि त्यावरून आमच्यात चांगलीच जुंपली आहे.

माझा मसुदा असा: "दक्षिण भागातली जुनी कामगार वस्ती. १८३६ साली सुरू झालेल्या इलिनॉय-मिशिगन कालव्याच्या खोदकामावर आलेल्या आयरिश मजुरांनी वसवलेली. मागून लिथुएनियन, पोलिश, इटालियन, मेक्सिकन, चिनी आले. शहराचे पाच महापौर इथले. १९१९ च्या वांशिक दंगलीत कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांपैकी काही इथल्या होत्या, आणि पुढे कित्येक दशकं कृष्णवर्णीय माणसाने इथे फिरकणं धोक्याचं होतं."

शेवटचं वाक्य काढा म्हणून आग्रह चाललाय. घर शोधणाऱ्याला बस, भाडं, शाळा सांगा, शंभर वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरता, असं म्हणणं. माझं मत, महापौर मिरवायचे असतील तर दंगलही लिहायची. तुम्ही काय म्हणता?

हॉल्स्टेडकर

काढा ते वाक्य. मी इथे राहतो म्हणून जरा हक्काने सांगतोय. माझ्या वर ग्वांगडाँगहून आलेलं कुटुंब आहे, खाली एक मेक्सिकन आजी. आज इथे आशियाई वंशाच्या लोकांचा गट सर्वात मोठा आहे. यांच्यापैकी कोणाच्या पणजोबाने १९१९ मध्ये दगड उचलला होता? तरी पानावर शिक्का बसणार यांच्याच नावाने.

त्यापेक्षा पाल्मिसानो पार्कबद्दल लिहा ना. १८३० च्या दशकापासून चुनखडीची खाण, मग राडारोडा टाकायची जागा आणि २००९ पासून बाग. एका अंगाला खाणीचे उभे कडे तसेच ठेवलेत, तळाशी तळं आहे आणि भरावाच्या टेकडीवर चढलं की डाउनटाउनचे टॉवर समोर. संध्याकाळी तिथे चार भाषा कानावर पडतात. आजचं ब्रिजपोर्ट हे आहे.

कावळा

हॉल्स्टेडकर, पार्क लिहाच, त्याला कोण नको म्हणतंय? पण "शंभर वर्षांपूर्वीची मढी" हे काही पटलं नाही.

२७ जुलै १९१९. युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावर होता. २९ व्या रस्त्याच्या किनाऱ्यावर गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पाण्यात एक हद्द मानली जायची, कुठे लिहिलेली नसलेली. तराफा वाहत पलीकडे गेला, एका गोऱ्या माणसाने दगड मारले, मुलगा बुडाला. जागेवरच्या पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. पुढच्या आठवड्याभरात ३८ मेले, २३ काळे आणि १५ गोरे. जखमी पाचशेवर. चौकशी आयोगाच्या १९२२ च्या अहवालाने गोऱ्या पोरांच्या 'अ‍ॅथलेटिक क्लबां'वर, म्हणजे खेळाच्या नावाखाली चालणाऱ्या टोळ्यांवर, स्पष्ट बोट ठेवलं: ते नसते तर दंगल पहिल्या चकमकीपुढे बहुधा गेलीच नसती. त्यातला हॅम्बुर्ग क्लब ब्रिजपोर्टचा. रिचर्ड जे. डेली तेव्हा १७ वर्षांचे, त्याच क्लबचे सदस्य. दंगलीत आपण कुठे होतो हे त्यांनी कधी धडपणे सांगितलं नाही. पुढे ते क्लबचे अध्यक्ष झाले आणि १९५५ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत महापौर.

म्हणजे रेवाताईंचं महापौरांचं वाक्य आणि दंगलीचं वाक्य, दोन्ही एकाच क्लबच्या दारातून बाहेर पडलेली आहेत. एक ठेवून दुसरं कसं काढणार?

आणि हे १९१९ ला संपलं नाही. १९६४ मध्ये डेलींच्या घराजवळच, लो अ‍ॅव्हेन्यूवर, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घर भाड्याने दिलं तर जमाव जमला, दगडफेक झाली आणि त्यांना घर सोडावं लागलं. १९९७ मध्ये १३ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मरणाच्या दारात पोचेपर्यंत मारलं. त्या वेळी मारणारे आज पन्नाशीच्या आतबाहेर असतील, त्यांचे पणजोबा शोधायची गरज नाही.

हॉल्स्टेडकर

१९९७ ची घटना ब्रिजपोर्टमध्ये घडलेली नाही. आर्मर स्क्वेअर ही नकाशावर वेगळी वस्ती आहे. न्यायाने लिहायचं म्हणता, मग आधी पत्ता तरी बरोबर लिहा.

कावळा

पत्ता मान्य. मधून रेल्वेचे रूळ जातात, तेवढंच अंतर. तो मुलगा पूर्वेकडच्या सरकारी घरांच्या वसाहतीतून सायकल घेऊन आला होता, चाकात फुकट हवा भरायला. मुख्य आरोपीला पुढच्या वर्षी आठ वर्षांची शिक्षा झाली. खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मात्र तो सुटला.

भाडेपावती

मी घरं दाखवण्याचा व्यवसाय करते, म्हणून कायद्याचं एवढंच. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे घराच्या जाहिरातीत वंशावरून पसंती-नापसंती सूचित करता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला वंश बघून या नाहीतर त्या वस्तीकडे वळवता येत नाही. आपली माणसं गाडीत बसल्याबसल्या विचारतात, "आपल्यासारखे लोक आहेत ना तिथे?" मी उत्तर देत नाही, देऊच शकत नाही. गुन्ह्यांचे आकडे विचारले तर पोलिसांच्या वेबसाइटवर बघा म्हणते.

तुमची पुस्तिका जाहिरात नाही, इतिहास जरूर लिहा. पण "कोणी राहावं, कोणी टाळावं" या सुरात एक अक्षरही नको. आणि 'सुरक्षित', 'चांगली वस्ती' असे शब्द इतर पानांवर असतील तर तेही काढा. ते कोणाला उद्देशून असतात, हे इथे सगळ्यांना कळतं.

पोटमाळा

माझा आक्षेप वेगळाच. ब्रिजपोर्टचं काय ते लिहा, पण हाइड पार्कच्या पानावर काय छापणार आहात? "विद्यापीठाची हिरवीगार, सुसंस्कृत वस्ती"?

१९१७ ते १९२१ या काळात शिकागोत कृष्णवर्णीयांच्या आणि त्यांना घरं विकणाऱ्यांच्या दारात ५८ बॉम्ब फुटले. हाइड पार्क आणि केनवुडमधल्या घरमालकांची संघटना तेव्हा "काळ्यांना घर विकू नका" म्हणून सभा घेत होती. नंतर तेच काम करारपत्रांनी केलं: हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, अशी अटच खरेदीखतात. शिकागो विद्यापीठाचं त्याला पाठबळ होतं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं, तोवर हे राजरोस चाललं.

ब्रिजपोर्टने दगड मारले, हाइड पार्कने वकील लावले. दगड फोटोत येतात, खरेदीखत येत नाही. मग बदनामी फक्त कसायांच्या आणि हमालांच्या वस्तीच्या वाट्याला का?

हॉल्स्टेडकर

+१००. हेच मला म्हणायचं होतं, मांडता आलं नाही.

कावळा

पोटमाळा, मुद्दा बिनतोड. पण त्यातून हाइड पार्कच्या पानावर एक वाक्य वाढतं. ब्रिजपोर्टच्या पानावरचं कमी होत नाही.

सॉक्सवेडा

अवांतर: व्हाइट सॉक्स संघाचं बेसबॉलचं मैदानही तांत्रिकदृष्ट्या ब्रिजपोर्टात नाही, आर्मर स्क्वेअरमध्येच आहे. ते मात्र सगळे खुशाल आपलं म्हणतात. :)

अनुजा_पूर्वेकडची

मी ब्रिजपोर्टच्या पूर्वेला ब्राँझव्हिलमध्ये राहते, महामार्गाच्या अलीकडे. नवरा कृष्णवर्णीय, इथेच वाढलेला. लहानपणी आईची त्याला सक्त ताकीद होती, वेंटवर्थ रस्त्याच्या पलीकडे सायकल न्यायची नाही. १९९७ च्या त्या बातमीनंतर तर काही महिने सायकलच कुलपात. आज आम्ही पाल्मिसानो पार्कात जातो, लेकीला ती टेकडी फार आवडते. कोणी वाकडा शब्द बोललेलं नाही. तरी जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतरच्या निदर्शनांच्या दिवसांत, ब्रिजपोर्टमध्ये बॅटी घेऊन रस्त्यावर उभ्या राहिलेल्या घोळक्यांच्या बातम्या आल्या तेव्हा त्याने गाडीचा रस्ता बदलला, मला न सांगता.

हॉल्स्टेडकर, तुमच्यावर रोख नाही. पण कृष्णवर्णीय लोक तिथे अजूनही शेकड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि पलीकडे एका मैलावर आमची वस्ती बहुसंख्य काळी आहे. हे आपोआप झालं असं वाचकाने समजायचं का? पुस्तिका मराठी माणसांसाठी आहे ठीक, पण त्या मराठी घरांत आमच्यासारखीही घरं आहेत.

हॉल्स्टेडकर

अनुजाताई, २०२० चं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली पोरं निषेधाची पाटी घेऊन कोपऱ्यावर उभी होती, हेही पाहिलंय. पहिल्याची बातमी झाली.

माझा हट्ट एवढाच की कर्ता स्पष्ट लिहा. "वस्तीने हल्ले केले" असं नको, क्लबांनी केले, अमुक साली केले. आणि पोलीस, महापौरांचं कार्यालय काय करत होतं तेही येऊ द्या. मग मी सही करतो.

रेवाकाठ

नवा मसुदा: "१९१९ च्या दंगलीत इथल्या हॅम्बुर्ग क्लबसारख्या गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. त्या क्लबचे एक सदस्य पुढे २१ वर्षं महापौर होते. १९६४ मध्ये त्यांच्या घराजवळ राहायला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जमावामुळे घर सोडावं लागलं. १९९७ मध्ये शेजारच्या आर्मर स्क्वेअरमध्ये एका कृष्णवर्णीय मुलावर जीवघेणा हल्ला झाला. आज वस्तीत आशियाई, गोरे आणि लॅटिनो राहतात, कृष्णवर्णीय फार थोडे." त्याखाली पार्क, बस, ऑरेंज लाइन ट्रेन.

'सुरक्षित' हा शब्द सगळ्या पानांवरून काढायचं मी सुचवलंय. त्यावर आता वेगळं भांडण सुरू झालंय.

हॉल्स्टेडकर

चालेल. पार्कला दोन ओळी जास्त द्या. आणि हाइड पार्कचं पान छापण्याआधी इथे टाका.

रेवाकाठ

ते पान अजून कोणी घेतलेलं नाही. पोटमाळा, तुम्हीच लिहा. खरेदीखताच्या ओळीसकट.