तैलरंगात व्यक्तिचित्र : रेम्ब्रांची नक्कल करतेय, गाल मळकट होतोय. सल्ला हवा

केतकी :
नमस्कार. एलिमेंटरी, इंटरमिजिएट शाळेतच झाल्या, नंतर बरीच वर्षं फक्त जलरंग. आता तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचंय. साताऱ्यात शिकवणारं कुणी सापडलं नाही, म्हणून नक्कल करत शिकतेय. रेम्ब्रांचं १६६१ चं, प्रेषित पॉलच्या वेषातलं आत्मचित्र घेतलं. फेटा बरा जमला, पण गाल तीनदा रंगवला आणि तीनही वेळा राखाडी चिखल. 'फ्लेश टिंट'ची, म्हणजे तयार कातडीच्या रंगाची ट्यूब वापरतेय. चित्रकार बदलू का? रंग कोणते घेऊ? आणि ट्रेस केलं तर चालतं का?

गेरू :
केतकीताई, चित्रकार बदलू नका, रंग बदला. यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, टिटॅनियम व्हाइट, एवढे चार पुरेत. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न याच्या नावाने ही पॅलेट, म्हणजे रंगांची निवड, ओळखतात. निळ्याची काळजी नको. काळ्यात पांढरा मिसळून ऑकरशेजारी लावून बघा, निळसर दिसतो. अंडरपेंटिंगला, म्हणजे खालच्या पहिल्या थराला, बर्न्ट अंबर हा तपकिरी घ्या.

तो अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासला फासा आणि सुती फडक्याने उजेडाच्या जागा पुसून काढा : फेटा, कपाळ, नाक. या एका रंगात माणूस ओळखू आला पाहिजे. तोवर पुढे जायचं नाही. अंबर लवकर वाळतो, तरी दोन-तीन दिवस थांबा. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलट केलंत तर भेगा पडतात.

चिखल होतो तो ओल्या रंगावर कुंचला घोटत राहिल्यामुळे. रंग पॅलेटवरच पक्का करा, एक फटकारा लावा, कुंचला पुसा, मग दुसरा. लावलेल्यावर परत फिरू नका. सावलीत पांढरा घातला की ती खडूसारखी दिसते. रेम्ब्रांकडून मुख्य हेच शिकायचं : अंधार पातळ, उजेड जाड. मी कपाळ सहा वेळा पॅलेट नाइफने खरवडून काढलं होतं, तेव्हा कुठे हात थांबायला शिकला.

ट्रेस नको. मूळ प्रतिमेवर आणि कॅनव्हासवर चौकटी पाडा आणि चौकटीगणिक रेखाटा.

जवस :
ट्रेसबद्दल माझं मत वेगळं. रंग शिकायचा असेल त्या दिवशी खुशाल ट्रेस करा, रेखाटन रोज कोळशाने वेगळं करा. दोन्ही एकदम ओढायला गेलं की एकही धड होत नाही.

छापील चित्रावरून रंग घेत असाल तर थांबा. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्यांच्या साइटवरून मोठी प्रतिमा फुकट उतरवता येते. कपाळावरचा एकेक फटकारा मोजता येतो. तरी खरं तैलचित्र बघण्याला तोड नाही. तुमच्याच जिल्ह्यात औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. जवळून आणि लांबून, दोन्ही बघा. पणजीला गेलात तर फुंदासांव ओरिएंत या संस्थेत चित्रकार त्रिंदादांची व्यक्तिचित्रं चुकवू नका. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला गोव्याचा माणूस, कातडीवरचा उजेड काय पकडलाय!

केतकी :
दोघांचे मनापासून आभार. मी छापील पानावरूनच करत होते, आणि त्यातला गाल मुळातच हिरवट आहे! रविवारी औंधला जाते. वाळलेल्या गालावरच पुन्हा रंगवू का?

गेरू :
नको. नवा १२ बाय १६ इंची कॅनव्हास घ्या आणि फक्त चेहरा करा. मूळ ९१ बाय ७७ सेंटीमीटर आहे, त्या मापाचा हट्ट नको. लूव्रमध्येही मूळ मापात नक्कल करू देत नाहीत. मागे 'रेम्ब्रांवरून' लिहून तारीख घाला. आणि ही नक्कल वाळेपर्यंत घरातल्या कुणाला तरी खिडकीशी बसवून त्याच चार रंगांत रंगवा, ती शेजारी ठेवून.