कोंबड्यांना तुळस, ओवा, लसूण दिला तर चालतो का? अंडी एकदम घटलीयेत (इंदूर)

अंगणवाली_इंदूर
नमस्कार मंडळी. आम्ही राजेंद्रनगरात राहतो, मागच्या अंगणात ६ कोंबड्या आहेत, ४ वनराजा आणि २ कडकनाथ, कडकनाथ मिस्टरांनी झाबुआहून आणल्या, हौस त्यांची आणि खुराडं झाडायचं मी. तर झालंय असं की अंडी एकदम कमी झालीयेत, रोज २-३ तरी मिळायची ती आता दोन दिवसांत एक, नाहीतर भोपळा. श्रावण लागल्यापासून घरात अंडं कोणी खात नाही, शेजारी वाटून टाकते, त्यामुळे लक्षातच उशिरा आलं. वनराजांचे तुरे फिकट दिसतायत, कडकनाथचं काय, तुरा काळाच, त्यावरून काही कळत नाही. खातात-पितात नीट, शिंका नाहीत, शिट पण बरी आहे.

बागेत ओव्याच्या पानांचा मोठा वाफा आहे, पुदिना, गवती चहा, कढीपत्ता, दारात शेवगा, तुळस आहे (सासूबाईंनी सांगितलंय वृंदावनातल्या तुळशीला हात लावायचा नाही, कोंबड्यांसाठी तर मुळीच नाही, म्हणून मागे वेगळी लावलीये). यातलं काय द्यायचं, किती द्यायचं, आणि लसूण पाण्यात टाकतात म्हणे ते खरं का?

माळवी_माळी
ताई आम्ही देतो सगळं, ४ वर्षं झाली. ओव्याची पानं तर बिनधास्त द्या, जाड पान असतं ते बारीक चिरून, त्यात जो उग्र वासाचा अंश असतो ना कार्व्हाक्रॉल तोच ओरेगॅनोत असतो, आणि ओरेगॅनोचं तेल तर मोठे पोल्ट्रीवाले पण खाद्यात मिसळतात. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरा करून ठेवा, वाळलेल्या पाल्यात पाव भाग तरी प्रोटीन असतं, ६ कोंबड्यांना मूठभर पुरे. झेंडूच्या पाकळ्या टाकल्या की बलक असा केशरी होतो की पाहुणे विचारतात रंग घातला का. लसूण २ पाकळ्या ठेचून लिटरभर पाण्यात, आठवड्यातून दोनदा, आणि संध्याकाळी ते पाणी फेकून द्यायचं. कांदा मात्र देऊ नका, जास्त गेला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. पुदिना माझ्या तरी उन्हाळ्यातच खातात, एरवी तुडवतात.

महूचा_भाऊ
मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलोय, आता गावाकडे प्रॅक्टिस करतो. माळीदादांचं चूक नाही, पण पाला म्हणजे चटणी-कोशिंबीर, जेवण नाही. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, हिरवा पाला आणि इकडचं तिकडचं मिळून त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर पोट भरतं आणि कॅल्शियम-प्रोटीन कमी पडतं, म्हणजे अंडी वाढवायला गेलात आणि आणखी घटली. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवलाय ना?

आणि कडकनाथला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला म्हणून तिला रोग होत नाही असं नाही, हे लोकांना सांगून सांगून थकलो. राणीखेत म्हणजे मानमोडी आली तर तुळस न ओवा काही कामाचं नाही, तिथे लसच. शिटेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून बसली, तर ती रक्ती हगवण, त्यालाही औषध लागतं आणि लवकर लागतं, लसणाच्या पाण्यात चार दिवस घालवले की पिल्लू गेलं.

पण तुमच्याकडे शिट बरी, शिंक नाही, खाणं नीट. पिसं गळतायत का? ती गळताना अंडी थांबतातच. गळत नसतील तर एक सांगा, संध्याकाळी आपणहून खुराड्यात जातात की हाकलावं लागतं?

अंगणवाली_इंदूर
अरे बापरे हे तुम्हाला कसं कळलं? पिसं नाही गळत, पण आठ-दहा दिवस झाले आत जातच नाहीत, पेरूच्या फांदीवर बसून राहिल्यात, आम्हाला वाटलं आत उकडत असेल. पकडून पकडून आत टाकतो रोज, मिस्टर काठी घेऊन आणि मी टोपली घेऊन, शेजारचे बघतात.

महूचा_भाऊ
आज रात्री दहा-साडेदहाला टॉर्च घेऊन जा. बसायच्या दांडीच्या खालच्या अंगाला आणि लाकडाच्या फटींत बघा. पांढरा कागद दांडीखालून घासा.

अंगणवाली_इंदूर
गेलो. कागदावर लाल रेघा उठल्या. दांडीच्या टोकाला जिथे ती भिंतीत जाते तिथे मोहरीएवढे पण नाहीत, त्याहून बारीक, झुंडच्या झुंड. मला अजून अंग खाजतंय. दिवसा रोज झाडते मी, एक दिसला नव्हता कधी!

महूचा_भाऊ
लाल माइट. दिवसा फटीत, रात्री कोंबडीवर, रक्त पिऊन पहाटे परत. म्हणून तुरे फिकट आणि म्हणून पेरूवर, त्या बिचाऱ्या सांगूनच राहिल्या होत्या. रोग कोंबडीत नाही, खुराड्यात आहे. सगळा भुसा काढून जाळा, दांड्या काढा, फटीफटीत उकळतं पाणी ओता, पूर्ण वाळू द्या, मग चुन्याचा हात मारा. आणि सात दिवसांनी हे सगळं पुन्हा, कारण दमट हवेत त्यांची अंड्यापासून नवी फौज आठवडा-दहा दिवसांत उभी राहते. कोंबड्या महिनाभर बाहेर ठेवून माइटना उपाशी मारू असं ठरवाल तर ते माइट कित्येक महिने उपाशी राहू शकतात. कोंबडीवर मारायचं औषध जवळच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, कुत्र्याच्या गोचिडाचा स्प्रे घरात पडलाय म्हणून तो मारू नका. औषधानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा, शेजारी वाटता ना तुम्ही.

रामबागच्या_काकू
आमच्या आजी कडुनिंबाचा पाला घालायच्या खुराड्यात आणि घासलेट पुसायच्या दांडीला. कधी काही झालं नाही.

महूचा_भाऊ
काकू, पाला घाला, फटींना निंबोळी तेल पण लावा, चालतं. घासलेट नको, पावसात खुराडं बंद, त्या वाफेत रात्रभर कोंबड्या, पाय भाजतात ते वेगळंच.

माळवी_माळी
धूळस्नानासाठी घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा ताई, पावसाळ्यात अंगण ओलं असतं त्यांना लोळायला कोरडी जागाच मिळत नाही, छपराखाली ठेवा पण. आणि आता रक्त भरायला शेवगा द्याच.

अंगणवाली_इंदूर
तीन आठवडे झाले म्हणून कळवते. दोनदा उकळतं पाणी, दोनदा चुना, लाकडी दांडी काढून नवी अशी बसवलीये की टोकं भिंतीला टेकत नाहीत, वाटीत ठेवल्यासारखी. काल २ अंडी, आज ३. तुरे लाल होतायत. एक वनराजा अजून पेरूवरच जाते, तिचा विश्वास बसला नाहीये. ओवा आणि शेवगा आवडीने खातात, तुळस टाकली तर दोन चोची मारून सोडून देतात (सासूबाई खूश). कढीपत्त्याला तर ढुंकूनही बघत नाहीत, कोणाच्या खातात का?

रामबागच्या_काकू
आमच्याही नाही खायच्या. आमचे हे पण पोह्यातला वेचून ताटाच्या कडेला लावतात.