‘सत्य अनुभव’ म्हणून लिहायचं आणि मग ‘अहो, कथाच होती’?

तळटीप
गेल्या आठवड्यात निशाचर यांनी आपल्या या मंचावर आंबोली घाटातल्या बाईची गोष्ट टाकली. रात्रीचे अडीच, दाट धुकं, हिरव्या साडीतली बाई हात करते, गाडी थांबवणारा सकाळी दरीत सापडतो. वर ठळक अक्षरांत ‘सत्य अनुभव’. दीडशे प्रतिसाद पडल्यावर म्हणाले, ‘कथाच होती, थरार आला ना?’

माझ्या मामेभावाने ती वाचली होती. शनिवारी रात्री आजऱ्याहून सावंतवाडीला उतरताना त्याला खरंच एक बाई हात करताना दिसली. त्याने काच वर केली आणि गाडी दामटली. खाली टपरीवर चहा घेत असताना मागून ट्रक आला. त्यात तीच बाई, आणि क्लीनरच्या मांडीवर डोकं टेकलेला तिचा नवरा. दुचाकीवर फिट आली होती त्याला. माणूस वाचला, पण मामेभाऊ अजून नीट झोपत नाही.

खरं आणि रचलेलं वेगळं ठेवा. एवढंच मागणं आहे.

निशाचर
तुमच्या भावाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण रात्री घाटात अनोळखी माणसासाठी न थांबणारे माझ्या गोष्टीच्या आधीही होतेच की. लुटारूंची भीती मी निर्माण केलेली नाही.

भयकथेचा जीव ‘हे घडलंय’ या दोन शब्दांत असतो. माझी आजी मालवणकडची. देवचार, मुंजा, हडळ, सगळे तिच्या ओळखीचे. कंदील बारीक करून ती ‘आपल्याच पाणंदीत घडलेलं’ म्हणायची. आधी ‘काल्पनिक’ची पाटी लावली असती तर आम्ही पोरं पाच मिनिटांत झोपलो असतो.

ओसरी
आजीचा दाखला द्यायचा तर पुरता द्या. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की चार वर्षांच्या पोरालाही कळायचं, आता कहाणी सुरू. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की बाहेर. आत जायचं दार आणि बाहेर यायचं दार, दोन्ही आपल्या भाषेने कधीच बांधून ठेवलेत. त्याने कहाणीची गोडी कमी झाली का? आणि देवचाराबद्दल शंका आली तर आजीचा पदर ओढून विचारता यायचं. तुम्हाला कुठे गाठायचं?

गडवाट
भुतांचं सोडा हो, इतिहासाचं काय झालंय ते बघा. परवा सिंहगडावर एक जण मुलांना सांगत होता, ‘इथूनच घोरपड चढवली.’ घोरपड येते ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, मावळे वानरांसारखे कडा चढले, एवढंच आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ सगळ्यांना पाठ, पण सभासद लिहितो ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’. आणि सिंहगड हे नाव महाराजांच्या १६६३ च्या पत्रातच आहे, तानाजी पडले १६७० साली. मग नाव त्यांच्यावरून पडलं कसं?

मावळपट्टा
झालं, मावळ्यांच्या पराक्रमावर शंका! पोवाडा म्हणजे थापा का? आमच्या घरी चार पिढ्या शाहिरी आहे. आजोबा डफ घेऊन उभे राहिले की घोरपडीच्या कडव्याला बाया डोळे पुसायच्या. चार कागद चाळून तुम्ही त्यांना खोटं पाडणार?

गडवाट
तुमच्या आजोबांना मी खोटं म्हटलेलंच नाही. माघातल्या काळोख्या रात्री माणसं नुसत्या हातापायांनी कडा चढली, हे मला घोरपडीपेक्षा थोर वाटतं. पोवाडा पोवाडा म्हणून गा, मीही रडेन. गाइडने कड्याकडे बोट दाखवून ‘इथूनच’ म्हणू नये.

मावळपट्टा
‘इथूनच’ला माझाही आक्षेप आहे, तेवढं मानतो. पण तुमची भाषा नीट नव्हती.

तळटीप
अहो, घोरपडीवरून खाली उतरा. माणूस मरता मरता वाचलाय.

माणदेशी माई
माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी आमच्याकडची माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, अशा मोबाइलवरच्या अफवांनी लोक आधीच पेटलेले होते. त्या समाजाची माणसं सुगीला आमच्या दारी यायची. आई सुपातून जोंधळे घालायची आणि मुलांची नावं विचारायची. थरार कुणाच्या जिवावर येतो ते मला माहीत आहे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीत बनवलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून पोर उचलतात. मुळात ती मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात. शेवटी पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. इकडे फिरवताना तो शेवटच कापला.

निशाचर
माई, तुमच्यापुढे मी वाद घालणार नाही. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे फलक होता, कुणीतरी तो कापला. माझ्या कथेवरची पाटीही उद्या कापतील. मग पाटीचा उपयोग काय?

माणदेशी माई
कापणाऱ्याला निदान कापावं तरी लागलं. तुम्ही तर ‘सत्य’ शिवूनच दिलंत.

ओसरी
म्हणून तर ‘आटपाट नगर’ म्हणते. पाटी वर चिकटवलेली असते, ती निघते. हे कथेचं पहिलंच वाक्य आहे, ते काढलं तर कथेचं तोंडच जातं. असं काही घडवा ना तुमच्या भयकथेसाठी. लिहिता येतं तुम्हाला, हे तर आम्ही सगळेच मानतो.

निशाचर
रात्रभर विचार केला. ‘सत्य अनुभव’ हे शब्द कथेवर पुन्हा लिहिणार नाही. मात्र ‘काल्पनिक’ असंही लिहिणार नाही. पहिल्या ओळीतून कळेल असं लिहीन. भूत होतं की नव्हतं, ते शेवटपर्यंत सांगणार नाही. तो माझा हक्क आहे.

तळटीप
हक्क ठेवा तुमच्याकडे. पण जुन्या गोष्टीवर ते दोन शब्द अजून तसेच आहेत, आत्ताच पाहिले. आज रात्रीच काढा. पुढच्या आठवड्यात गणपतीला लोक त्याच घाटाने उतरणार आहेत.